लेखकाचा दिवस आणि ग्रंथाची वाट

एखादी कादंबरी वाचनालयांतून घरीं आणली, रात्रीं जागून ती संपविली आणि दुसऱ्या दिवशीं परत केली, कीं सामान्य वाचकाच्या लेखीं त्या ग्रंथाची हकीकत तेथेंच संपते. तो ग्रंथ कोणी लिहिला हें त्याला ठाऊक असतें. पण लिहीत असतां लेखकाच्या घरची चूल कशावर चालत होती, त्याच्या टेबलावरून निघालेले कागद छापखान्यांतून, प्रकाशकाच्या गुदामांतून व पुस्तकविक्याच्या फळीवरून आपल्या गांवच्या वाचनालयापर्यंत कोणत्या वाटेनें आले, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वाचकानें तो करावाच असा कांहीं नियम नाहीं. परंतु मराठींत चांगल्या कादंबऱ्या यापुढेंहि लिहिल्या जाव्या असें ज्यांना वाटतें, त्यांनीं ही वाट एकदां नीट पाहून ठेवणें हिताचें आहे. ती कोठें अरुंद आहे व कोठें खचली आहे हें कळल्यावांचून तिची डागडुजी होणार कशी?

ही वाट समजावून घेण्यास कोल्हापूरइतकें सोयीचें गांव क्वचितच सांपडेल. कुस्ती, चित्रपट आणि गूळ यांसाठीं हें शहर प्रसिद्ध आहे. परंतु मराठी कादंबरीच्या इतिहासांतहि त्याचें स्थान मोठें आहे. १९३८ नंतर कांहीं वर्षें मराठींतील दोन सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार या एकाच गांवांत राहत होते. ना. सी. फडके हे राजाराम महाविद्यालयांत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, आणि वि. स. खांडेकर हे शिरोड्याची शाळा सोडून चित्रपटकथा लिहिण्यासाठीं येथें येऊन राहिले होते. कला कलेसाठीं कीं जीवनासाठीं, या वादांत दोघे दोन तीरांवर उभे. पण गांव एकच. पुढें आजऱ्याचे शिवाजी सावंत येथील शाळेंत शिक्षक झाले आणि जिल्ह्यांतल्याच कोवाडला रणजित देसाई लिहूं लागले. हें झालें लेखकांचें. वाचकांची बाजूहि तितकीच जुनी आहे. आज करवीर नगर वाचन मंदिर या नांवानें ओळखली जाणारी संस्था १८५० सालीं स्थापन झाली. १९३२ चें मराठी साहित्य संमेलन सयाजीराव गायकवाड महाराजांच्या अध्यक्षतेखालीं याच शहरांत भरलें. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रास प्रांताचा प्रसिद्ध ग्रंथालय कायदा त्याच्या मागाहून, १९४८ सालीं झाला. वाटेचीं दोन्ही टोकें, म्हणजे लिहिणाराचें घर आणि वाचणाराचें घर, येथें एकाच गांवांत पाहावयास मिळतात.

प्रथम प्रश्न येतो तो पोटाचा. खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजीं सांगलीस झाला. मूळचे ते गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर विष्णु सखाराम झाले. १९२० सालीं ते वेंगुर्ल्याजवळच्या शिरोडें या समुद्रकांठच्या गांवीं शिक्षक म्हणून गेले आणि तेथें अठरा वर्षें राहिले. 'हृदयाची हाक' ही त्यांची पहिली कादंबरी १९३० ची, 'कांचनमृग' १९३१ ची, 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' १९३४ च्या. या सर्व कृति शाळामास्तराच्या दिवसांतून उरलेल्या वेळांत लिहिलेल्या आहेत, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शिक्षकाचा दिवस हा वर्गाबरोबर संपत नाहीं. वह्या तपासणें, शाळेसाठीं पैसा जमविणें, गांवकऱ्यांच्या अडीअडचणी ऐकणें, हें सर्व त्याच्या पदरीं पडतें. त्यांतून जी सकाळ अगर रात्र सुटेल, ती कादंबरीची.

१९३६ सालीं मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्सनें 'छाया' हा बोलपट काढला. त्याची कथा खांडेकरांची होती. १९३८ मध्यें ते कोल्हापुरास आले ते या चित्रपटव्यवसायाच्या ओढीनें. शाळेच्या तुटपुंज्या पगारापेक्षां येथें मोबदला अधिक होता, आणि जे लोक कधीं पुस्तक हातीं धरणार नाहींत त्यांच्यापर्यंत आपली गोष्ट पोंचते हाहि लाभ लहान नव्हता. परंतु चित्रपटाचा पैसा व कादंबरीचा पैसा यांच्या जाती भिन्न आहेत. चित्रपटाचा पैसा कामाबरोबर येतो, पण तें काम दुसऱ्याच्या मुदतींत व दुसऱ्याच्या सोयीनें करावें लागतें. पडद्यावर काय दिसावें याचा अंतिम निर्णय लेखकाच्या हातीं नसतो. शिवाय हा व्यवसाय अस्थिर. १९४० सालीं विनायकांची मंडळी नवयुग चित्रपट या संस्थेंत गेली, पुढें प्रफुल्ल पिक्चर्स निघाली, तीहि कालांतरानें मुंबईस हलली, आणि १९४७ मध्यें स्वतः विनायकच निवर्तले. स्टुडिओ गांवोगांव फिरत गेले. खांडेकर कोल्हापुरांतच राहिले. अशा वेळीं लेखकाला आधार कशाचा? जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांचा, नियतकालिकांतील लेखांचा आणि शालेय पुस्तकांसारख्या कामांचा.

हा एकट्या खांडेकरांचा अनुभव नव्हे. फडक्यांना प्राध्यापकाचा पगार होता. शिवाजी सावंतांनीं 'मृत्युंजय' लिहिली ती कोल्हापुरांत शिक्षकाची नोकरी करीत असतां. १९६७ सालीं ती प्रसिद्ध झाली तेव्हां त्यांचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. रणजित देसाई यांच्यामागें कोवाडची शेतीवाडी होती. बाबा कदम हे सरकारी वकिलीचें काम सांभाळून कादंबऱ्या लिहीत, आणि त्यांचीं पुस्तकें वाचनालयांच्या कपाटांत फार काळ स्थिर राहत नसत. कोल्हापुराहून निपाणी दूर नाहीं. तेथें महादेव मोरे यांनीं पिठाची गिरणी चालवीत सीमाभागांतील कष्टकऱ्यांच्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज आणि उडणारें पीठ यांच्यामध्यें बसून लिहिणारा लेखक ही मराठी वाङ्मयाची अपवादात्मक गोष्ट नाहीं. ती त्याची नेहमींची रीतच अधिक स्पष्टपणें दाखविते. मराठी कादंबरीला बहुधा दुसऱ्या एखाद्या धंद्यानें पोसलें आहे.

असें कां व्हावें, हें साध्या हिशोबानें समजतें. समजा, एका कादंबरीची किंमत २०० रुपये आहे आणि तिच्या १,००० प्रती छापल्या. मराठींत पहिली आवृत्ति हजार-अकराशें प्रतींची काढण्याचा प्रघात फार जुना आहे. सर्व प्रती खपल्या तर छापील किंमतीनें दोन लाख रुपये होतात. लेखकाचें मानधन शेंकडा दहा धरलें तर त्याला २०,००० रुपये मिळतील. आतां कादंबरी लिहिण्यास एक वर्ष आणि आवृत्ति संपण्यास दोन वर्षें लागलीं असें समजूं. म्हणजे तीन वर्षांची ही मिळकत झाली. महिन्याला ती साडेपांचशें रुपयांच्या आसपास पडते. उरलेला पैसा प्रकाशकानें गिळला असें मानण्याचेंहि कारण नाहीं. विक्रेत्याची व ग्रंथालयांची सूट, कागद, छपाई, बांधणी, टपाल, गुदामाचें भाडें आणि न खपलेल्या दुसऱ्या पुस्तकांचा तोटा त्यांतूनच भागवावयाचा असतो. दोष एका कोणाचा नसून बाजार लहान आहे, हें मुळांतलें दुखणें आहे. एखाद्या पुस्तकाच्या वीस आवृत्त्या निघाल्या म्हणजे हें गणित पार बदलतें. पण लिहावयास बसतांना तें पुस्तक कोणतें हें कोणालाच ठाऊक नसतें.

आतां लिहिण्याच्या वेळेकडे वळूं. लघुकथा दोन बैठकींत लिहून होते, लघुनिबंध एका सकाळींतहि होतो. कादंबरीचें तसें नाहीं. तिला सलग महिने लागतात. मध्यें खंड पडला तर पात्रें परकीं होतात आणि धागा पुन्हा सांपडेपर्यंत आठवडा जातो. खांडेकरांच्या ग्रंथांच्या सनावळीकडे पाहिलें तर ही गोष्ट डोळ्यांत भरते. १९३० पासून १९४२ पर्यंतच्या बारा वर्षांत त्यांनीं दहांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९४२ च्या 'क्रौंचवधा'नंतर मात्र पुढची कादंबरी 'अश्रु' ही १९५४ सालीं आली. या मधल्या बारा वर्षांत त्यांची लेखणी थांबली होती असें नाहीं. कथा, रूपककथा, निबंध, प्रस्तावना, संपादनें असें लेखन चालूच होतें. तुकड्यातुकड्यांच्या वेळांत जें बसतें तें होत राहिलें. कादंबरीएवढा सलग काळ मात्र दुर्मिळ झाला.

त्यांत दृष्टीची अडचण. खांडेकरांचे डोळे तरुणपणापासून अधू होते. पुढें पुढें स्वतःच्या हातानें लिहिणें कठीण होत गेलें आणि ते सांगत, लेखनिक लिहून घेई. आयुष्याच्या अखेरच्या कांहीं वर्षांत दृष्टि अगदीच गेली. राजारामपुरींतील त्यांच्या घराचें नांव 'नंदादीप'. त्या घरांत अशा रीतीनें चाललेलें लेखन म्हणजे नेमकें काय, याची कल्पना करून पाहावी. हातानें लिहिणारा लेखक मागचें पान उलटून पाहतो, एखादा शब्द खोडतो, समासांत खूण करून ठेवतो. सांगून लिहविणाऱ्याला हें सर्व डोक्यांत करावें लागतें. प्रकरणाची मांडणी, कोणत्या पात्राच्या तोंडीं कोणतें वाक्य आधीं आलें, उपमेची पुनरुक्ति कोठें झाली, हा सगळा जमाखर्च स्मरणांत ठेवून वाक्य पुरें तयार करूनच तें उच्चारावें लागतें. शिवाय लेखनिक हा समोर बसलेला माणूस आहे. त्याची वेळ सांभाळावी लागते. मनांत आलेली प्रत्येक अर्धवट कल्पना त्याच्यापुढें बोलून दाखविण्याचा संकोचहि होतो. वाचन तर त्याहून कठीण. दुसऱ्याच्या आवाजांत आणि दुसऱ्याच्या गतीनें ऐकलेलें पुस्तक पुन्हा चाळतां येत नाहीं.

या परिस्थितींत, वयाची साठी जवळ येत असतां, 'ययाति' तयार झाली. ती १९५९ सालीं प्रसिद्ध झाली, १९६० सालीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढें १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना देण्यांत आला. मराठीला तो प्रथमच मिळत होता. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांनीं आपापली कथा आपापल्या तोंडानें सांगावी, अशी त्या कादंबरीची रचना आहे. या रचनेचें कारण लेखकाच्या दृष्टिदोषांत शोधणें उतावीळपणाचें होईल, कारण आत्मनिवेदनाची ही पद्धति त्यानें पूर्वींहि वापरली होती. एवढें मात्र खरें कीं, बोलून सांगण्यास ही रीत सोयीची आहे.

लेखकाचे कागद पुरे झाले, कीं ते गांव सोडतात. कोल्हापुरांत छापखाने होते व आहेत. पण मराठी ग्रंथप्रकाशनाचा मोठा व्यवहार पुण्या-मुंबईस चालतो. खांडेकरांचीं अनेक पुस्तकें पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनें प्रसिद्ध केलीं. सावंतांची 'मृत्युंजय' पुण्याच्याच कॉन्टिनेन्टल प्रकाशनानें काढली. जुन्या पद्धतीच्या छापखान्यांत खिळे हातानें जुळवीत. इंग्रजीचें काम थोड्या खिळ्यांत भागतें. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें यांसाठीं कित्येक शें निरनिराळे खिळे लागतात. म्हणून जुळारी हा कसबी माणूस, आणि त्याचें काम सावकाश. सोळा पानांचा एक फर्मा जुळवावयाचा, त्याचें मुद्रित काढावयाचें, लेखकाकडे टपालानें पाठवावयाचें, दुरुस्त्या आल्या कीं छापावयाचा आणि खिळे सोडवून पुढच्या फर्म्यास घ्यावयाचे. २५६ पानांच्या कादंबरीचे असे सोळा फर्मे होतात. लेखक कोल्हापुरांत, छापखाना पुण्यांत आणि मुद्रितें तपासण्यास लेखकाचे डोळे असमर्थ, अशी स्थिति असली म्हणजे घरांतील माणसें, मित्र आणि प्रकाशकाचा मुद्रितशोधक यांच्यावर किती भिस्त ठेवावी लागत असेल, हें सांगावयास नको.

खिळे सोडवून टाकण्याच्या या रीतीचा परिणाम थेट वाचकावर होत असे. पहिली आवृत्ति संपली, मागणी थोडी थोडी चालू आहे, पण हजार प्रतींचा कागद विकत घेऊन सगळें पुस्तक पुन्हा जुळविण्याइतकी ती नाहीं, अशा वेळीं प्रकाशक वाट पाही आणि पुस्तक बाजारांतून नाहींसें होई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कागदाचीच टंचाई पडली तेव्हां तर खपणारीं पुस्तकेंहि अडून राहिलीं. पुढें ऑफसेट छपाई आली, संगणकावर अक्षरजुळणी होऊं लागली, आणि हल्लीं मागणीप्रमाणें शंभर-दोनशें प्रतीहि काढतां येतात. ही सुधारणा मोठी आहे. तिच्यामुळें पुस्तक मरत नाहीं. परंतु तें खपतें असें मात्र नव्हे, कारण छापणें आणि पोंचविणें हीं दोन वेगळीं कामें आहेत.

पोंचविण्याचें काम पूर्वीं सर्वांत चांगलें कोणी केलें असेल तर तें मासिकांनीं. १९०९ सालीं 'मनोरंजन' मासिकानें दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांत फराळाच्या ताटाबरोबर वाङ्मयहि आलें. कोल्हापुराहून जवळच्या किर्लोस्करवाडीस १९२० सालीं एक पत्रक सुरू झालें. कारखान्याच्या गिऱ्हाइकांशीं संबंध राखण्याकरितां निघालेलें तें पत्रक पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें आणि पुस्तकाचें दुकान नसलेल्या खेडोपाडीं जाऊन पोंचलें. मासिकांत एखाद्या लेखकाच्या दोन कथा वाचल्या कीं वाचनालयांत त्याच्या नांवाची चौकशी सुरू होई. कादंबरीची जाहिरात अशी कथेनेंच होत असे. दिवाळी अंकांनीं ही परंपरा आजहि टिकविली आहे. बारमाही मासिकांची संख्या मात्र पुष्कळ घटली आहे, आणि त्यांनीं मोकळी केलेली जागा अद्याप पुरती भरून निघालेली नाहीं.

दुसरा मार्ग वाचनालयांचा. मराठी कादंबरीचें खरें गिऱ्हाईक वाचनालय हेंच. मुंबई राज्याच्या द्विभाजनानंतर महाराष्ट्रानें १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणें अनुदान मिळूं लागलें. १९७२ सालीं कलकत्त्यास राजा राममोहन राय यांच्या नांवानें ग्रंथालय प्रतिष्ठान निघालें. त्याच्या साहाय्यानेंहि पुस्तकांची खरेदी होते. लहान गांवांतील जो मुलगा अगर जी गृहिणी वर्षाकाठीं एक पुस्तक विकत घेऊं शकत नाहीं, ती महिन्याच्या अल्प वर्गणींत वीस पुस्तकें वाचते, हें या संस्थांचें ऋण आहे.

परंतु येथें एक पेंच आहे. वाचनालयांतील एक प्रत पन्नास घरीं फिरते. लेखकाला मानधन मिळतें तें एका प्रतीचें. वाचक जितका मोठा, तितकें उत्पन्न मोठें, असा नियम येथें लागत नाहीं. युरोपांतील कांहीं देशांनीं यावर तोड काढली आहे. डेन्मार्कनें १९४६ सालीं आणि ब्रिटननें १९७९ सालीं अशी व्यवस्था केली कीं, ग्रंथालयांतून पुस्तकें वाचली जातात त्याबद्दल लेखकांस सरकारी तिजोरींतून ठराविक नियमानें कांहीं रक्कम मिळावी. वाचकावर त्याचा भार पडत नाहीं आणि ग्रंथालयाचीहि अडवणूक होत नाहीं. भारतांत तशी तरतूद नाहीं. ज्या प्रदेशानें १९४५ सालींच ग्रंथालयांचा कायदा केला, त्या प्रदेशांतून अशा विचारास आरंभ झाला तर तें त्याच्या परंपरेस शोभेल.

तिसरा मार्ग भाषांतराचा, आणि खांडेकरांच्या बाबतींत तो विलक्षण फळला. गोपाळराव विद्वांस यांनीं त्यांच्या कादंबऱ्या गुजरातींत नेल्या आणि का. श्री. श्री. या नांवानें लिहिणाऱ्या भाषांतरकारानें त्या तमिळमध्यें आणल्या. तमिळ वाचकांनीं त्यांचें असें स्वागत केलें कीं, हा लेखक आपल्याकडचाच आहे असें मानणारे वाचक तिकडे निर्माण झाले. राजारामपुरींतील घरांत बसून सांगितलेली गोष्ट मदुरेच्या घरांत वाचली जावी, यासाठीं दोन गोष्टी लागतात: मराठी मनापासून शिकलेला एक माणूस, आणि त्याच्या श्रमाला किंमत देणारा एक प्रकाशक. यांतील कोणतीहि गोष्ट पुरस्कारानें आपोआप घडत नाहीं. ज्ञानपीठ मिळण्याच्या कितीतरी आधींपासून हीं भाषांतरें होत होतीं.

२ सप्टेंबर १९७६ रोजीं खांडेकर मिरजेस निवर्तले. शिवाजी विद्यापीठांत त्यांच्या नांवाचें स्मृति-संग्रहालय आहे, आणि त्यांचे ग्रंथ आजहि छापले व विकले जातात. म्हणजे लेखकाच्या मागें वाट उरली. पण वाट ही कायमची बांधलेली नसते. २०१९ च्या महापुरांत सांगली नगर वाचनालयांत पाणी शिरलें आणि हजारों पुस्तकें नष्ट झालीं. त्यांत पुन्हा न मिळणारे जुने ग्रंथहि होते. एखाद्या कादंबरीची शेवटची आवृत्ति पन्नास वर्षांपूर्वींची असेल आणि तिची प्रत अशाच एखाद्या कपाटांत असेल, तर त्या एका रात्रींत लेखकाचें एक वर्ष आणि त्याच्या लेखनिकाचें एक वर्ष पुसलें जातें. नदीकांठच्या गांवांनीं ग्रंथालयाची जागा उंचावर असावी आणि दुर्मिळ ग्रंथांच्या संगणकीय प्रती काढून ठेवाव्या, हा उपाय यासाठींच निकडीचा आहे.

नव्या काळानें आणखी एक वाट उघडली आहे. पुस्तकें आतां दूरध्वनीच्या पडद्यावर वाचतां येतात आणि ध्वनिमुद्रित स्वरूपांत ऐकतांहि येतात. दृष्टि गेलेल्या लेखकानें तोंडानें सांगितलेली कादंबरी आज दृष्टि गेलेल्या वाचकाला कानांनीं ऐकतां येते, ही सोय सामान्य नव्हे. शेतावर काम करणारा, मोटार चालविणारा, शिवणयंत्रावर बसलेली बाई, अशा ज्यांचे हात व डोळे दिवसभर गुंतलेले असतात, त्यांनाहि वाङ्मयाचा दरवाजा त्यामुळें खुला झाला. लेखकाला त्यांतून काय मिळतें हें करारावर अवलंबून असतें. म्हणून आपल्या ग्रंथाचे छपाईचे, ध्वनीचे, चित्रपटाचे आणि भाषांतराचे हक्क निरनिराळे आहेत हें ओळखून प्रत्येकाचा करार लेखी करणें, हें आजच्या लेखकाच्या दिनक्रमांतील एक आवश्यक काम ठरलें आहे. चित्रपटकथा विकून संसार चालविणाऱ्या जुन्या पिढीला या सावधगिरीचें महत्त्व अनुभवानें कळलें होतें.

सारांश, लेखक एकांतांत लिहितो हें अर्धेंच सत्य आहे. त्याच्या सकाळीमागें एखादी शाळा, एखादा स्टुडिओ किंवा एखादी गिरणी उभी असते. त्याच्या पानामागें लेखनिक, जुळारी आणि मुद्रितशोधक असतात. आणि त्याच्या कीर्तीमागें संध्याकाळीं दिवा लावून वाचनालय उघडणारा, अल्प वेतनावर काम करणारा ग्रंथपाल असतो. या साखळींतील प्रत्येक कडी सांभाळणें एकट्या वाचकाला शक्य नाहीं. आपल्या हातची कडी मात्र त्याला सहज सांभाळतां येते. गांवच्या वाचनालयाचें सभासद व्हावें, वर्गणी वेळेवर भरावी, मागणीच्या वहींत हव्या असलेल्या पुस्तकाचें नांव लिहावें, आणि जें पुस्तक उसनें वाचून फार आवडलें त्याची एक प्रत सवड होईल तेव्हां विकत घ्यावी. मागणीच्या वहींतील ती एक ओळ ग्रंथपालाकडून विक्रेत्याकडे, विक्रेत्याकडून प्रकाशकाकडे आणि तेथून लेखकापर्यंत जाते. दोन कामांच्या मधल्या उसंतींत जो पुढचें प्रकरण लिहावयास बसला आहे, त्याला वाचकाकडून मिळणारें खरें उत्तर तेंच होय.